उंदीरमामा, गोमाता आणि आपली भावकी

मागच्या आठवड्यात ओपीडीत एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. पोराच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. मी विचारलं, "काय झालं रे?"

तो गंभीरपणे म्हणाला, "मामा चावला."

केजमध्ये इतकी वर्षं दवाखाना चालवल्यावर बांधाच्या भांडणात फुटलेली डोकी, मोडलेले हात, एकदा तर चुलतभावानं कानाचा घेतलेला लचकाही मी पाहिला आहे. त्यामुळे मामा चावला हे मला अगदीच अशक्य वाटलं नाही. मी आजींकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "त्येचा मामा न्हाई हो डॉक्टरसाहेब, उंदीरमामा!"

जखम साबणपाण्यानं धुतली, ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घरातल्या उंदराच्या चाव्याला सहसा रेबीजची लस लागत नाही, पण जखम डॉक्टरांना दाखवावीच, हेही सांगितलं. जाताना पोरानं विचारलं, "पण त्याला मामा कामून म्हणतेत?" तेव्हा बाहेर पंचवीस पेशंट बसले होते, म्हणून मी "नंतर सांगतो" म्हणालो. ते उत्तर आज इथे देतो आहे. तुम्हीही ऐका, कारण हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

भाषेनं आधीच जोडलेली नाती

आपल्या मराठीत प्राण्याला नुसत्या नावानं हाक मारणं जणू उद्धटपणाचं आहे. चिमणी ही चिऊताई, मांजर ही वाघाची मावशी, गाय ही माता. वाघ, कोल्हा, नाग यांना वाघोबा, कोल्होबा, नागोबा असं आदरानं बोलवायचं. या सगळ्या गोतावळ्यात मामाचा मान मिळाला तो उंदराला. माझ्या मते यात निरीक्षण आहे. मामा बहिणीच्या घरी आला की ओसरीवर थांबत नाही, थेट स्वयंपाकघरात जातो. उंदीरही तसाच, कणगीपर्यंत त्याला कुणी वाट दाखवावी लागत नाही. शिवाय तो गणपतीचं वाहन, म्हणजे ओळखही मोठ्या घरची.

गंमत अशी की भाषेनं जोडलेलं हे नातं विज्ञानानंही खरं ठरवलं. तुमच्या मानेत सात मणके आहेत. उंदराच्या मानेतही सातच आहेत. (जिराफाच्याही सातच, तो फक्त ते लांब करून वापरतो.) २००२ साली शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराची जनुकं वाचून काढली. तेव्हा त्यातल्या सुमारे ९९ टक्के जनुकांना माणसात जोडीदार सापडला. आपला आणि त्याचा समान पूर्वज साधारण साडेसात ते आठ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागणार नाही इतकं हे नातं लांबचं आहे, पण नाकारता येणार नाही इतकं जवळचं आहे.

आणि नातं म्हटलं की देणंघेणं आलं. नात्यातून आजार येतात आणि अडल्यावेळी नातंच धावून येतं. औषधशास्त्राच्या इतिहासात आपल्या या मुक्या भावकीनं दोन्ही केलं आहे.

मामाचा वारसा: मुंबई, १८९६

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एक पेशंट तपासला आणि निदान केलं, गाठीचा प्लेग. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग, मामांचं माहेरच म्हणा. काही महिन्यांत लोक मुंबई सोडून पळू लागले आणि साथ पुण्यात, पुढे देशभर गेली. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं प्लेगनं गेली.

तेव्हा प्लेगचा जंतू माहीत होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन या शास्त्रज्ञानं तो शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे माहीत नव्हतं. हवेतून? घाणीतून? कपड्यांतून? उत्तर माहीत नसलं की माणूस दुसऱ्या माणसाला धरतो. १८९७ साली पुण्यात रँडच्या देखरेखीखाली सैनिक घराघरांत शिरले. माणसं तपासली, देवघरं तुडवली, सामान जाळलं, लोकांना छावण्यांत नेलं. त्याचा संताप २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळीतून बाहेर पडला, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. त्याच साथीत पेशंटांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

एवढा सगळा बंदोबस्त चालू असताना खरा वाहक भिंतीतल्या बिळातून शांतपणे शेजारच्या घरात जात होता. त्याला कुणी अडवलं नाही.

खेड्यातल्या आपल्या पूर्वजांना मात्र एक गोष्ट कळली होती. "उंदीर पडायला लागले" म्हटलं की गावं उठून माळावर झोपड्या घालून राहायची. कारण सांगता येत नव्हतं, पण उपाय बरोबर होता. कारण सापडलं जून १८९८ मध्ये, कराचीला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं एक आजारी उंदीर आणि एक निरोगी उंदीर असे ठेवले, की त्यांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारून जाऊ शकेल. निरोगी उंदीर प्लेगनं मेला. सिमाँचं म्हणणं तेव्हा बऱ्याच मोठ्या लोकांनी हसण्यावारी नेलं. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमलेल्या दाखवल्या, तेव्हा सगळ्यांना पटलं.

आता यातली यंत्रणा नीट समजून घ्या, कारण पुढे ती कामाला येणार आहे. पिसू ही मामाच्या अंगावरची भाडेकरू. मामाला प्लेग झाला की त्याच्या रक्तातून जंतू पिसवेच्या पोटात जातात आणि तिथे इतके वाढतात की तिचा अन्नमार्गच बुजतो. रक्त ओढावं तर खाली उतरत नाही. मग भुकेजलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात जंतू ओकते. मामा मेला, अंग गार पडलं, की भाडेकरू घर सोडतात आणि जवळचं गरम अंग शोधतात. जवळ असतो भाचा, म्हणजे आपण. दोनपासून सात-आठ दिवसांत ताप चढतो आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येते. मामाच्या इस्टेटीतून भाच्याला मिळालेला हा वाटा.

याच गोंधळात मुंबईत एक मोठं कामही झालं. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली टोचणी स्वतःला घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवी कैद्यांना ती दिली गेली. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून त्यांचं नाव आहे, ती हाफकिन संस्था प्लेगमधूनच उभी राहिली. तिच्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत, तेव्हा घोड्यावर बसून येऊ.

बीड, १९९४

हा सगळा इतिहास मी एमबीबीएसला असताना परीक्षेपुरता वाचला होता. प्लेग म्हणजे पुस्तकातला आजार. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माणसं घरं सोडून उघड्यावर आली, धान्य मात्र घरांत आणि ढिगाऱ्यात राहिलं. त्यावर उंदीर वाढले, असं स्पष्टीकरण पुढे देण्यात आलं. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरायला लागले, पिसवांचा त्रास सुरू झाला आणि लोकांना ताप व गाठी येऊ लागल्या. मामाचा मामला आमच्याच जिल्ह्यात निघाला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतमध्ये फुफ्फुसाचा प्लेग दिसला. तो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो आणि जास्त मारक असतो. मग साऱ्या देशाची झोप उडाली.

मी तेव्हा इंटर्न होतो. त्या दिवसांत वॉर्डात येणारा प्रत्येक तापाचा पेशंट आधी स्वतःची जांघ चाचपून यायचा. एक जण गाठ आली म्हणून रडत आला, तो हर्निया निघाला. दहा वर्षांपासूनचा! एकाला काखेत गाठ होती, कारण बोटाला नखुरडं झालं होतं. बाजारातून टेट्रासायक्लिन गायब झालं. माझ्या आत्यानं तर शेजारणीकडून दोन गोळ्या उसन्या आणून ठेवल्या, एक स्वतःला आणि एक म्हशीला.

हसू येतं आज. पण तेव्हा एसटीत कुणी "बीडचा" म्हटला की शेजारची सीट रिकामी व्हायची. पुण्यातल्या आमच्या एका नातेवाइकांनी पत्रानं कळवलं की यंदा दिवाळीला येऊ नका. उंदराच्या अंगावरच्या पिसवेचा आजार, पण अस्पृश्य ठरली माणसं. १८९७ मधली चूक शंभर वर्षांनीही आपण थोड्या सभ्यपणे केलीच. त्या वर्षी ९ सप्टेंबरला गणपती बसले. आमच्या गल्लीतल्या मंडळात एका आजोबांनी विचारलेलं आठवतं, "बाप्पाला आणा, पण मामाला ह्या वर्षी बाहेरच ठेवता यील का?"

बीडमध्ये गाव सावरलं ते साध्या गोष्टींनी. घरोघर तपासणी, तापाच्या पेशंटला लगेच अँटिबायोटिक आणि बिळांत कीटकनाशक भुकटी. इथे वर सांगितलेली यंत्रणा आठवा. अशा वेळी आधी उंदीर मारायचे नसतात, आधी पिसवा मारायच्या असतात. उंदीर आधी मारले तर बेघर झालेल्या पिसवा आपल्याकडेच येणार. वाडा पाडण्याआधी भाडेकरूंचा बंदोबस्त करावा, तसंच हे.

हा प्लेग होता की नाही यावर तेव्हा बराच वाद झाला, नंतर प्रयोगशाळांनी जंतू प्लेगचेच असल्याचं सिद्ध केलं. आज हा आजार साध्या अँटिबायोटिकनं बरा होतो, वेळेवर सुरू केलं तर. उपचार नसतील तर गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले ३० ते ६० दगावतात. सगळा फरक तुम्ही किती लवकर दाखवता यावर आहे.

गोमातेचं बोट धरून

आता भावकीची चांगली बाजू. तुमचं वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असेल तर बाही वर करून दंडावर पाहा. गोल, खडबडीत व्रण दिसेल. तो देवीच्या लसीचा. ती लस आपल्याला गायीकडून मिळाली.

इंग्लंडमध्ये गवळणींना गायीच्या सडावरून हाताला फोड यायचे आणि त्यांना पुढे देवी निघत नसत. एडवर्ड जेन्नर या खेड्यातल्या डॉक्टरनं (हो, आमच्यासारख्याच जनरल प्रॅक्टिशनरनं) १४ मे १७९६ ला एका गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचलं. पुढे त्याला देवी निघाल्या नाहीत. लॅटिनमध्ये गायीला 'व्हॅक्का' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सिन' हा शब्द आला. म्हणजे तुम्ही कोविडची लस घेतलीत तेव्हाही नकळत गायीचं नाव घेतलंत.

लोकांना हे सहज पचलं असं समजू नका. १८०२ साली जेम्स गिलरे या व्यंगचित्रकारानं चित्र काढलं. लस टोचून घेणाऱ्यांच्या नाकातून, दंडातून, पाठीतून छोट्या छोट्या गायी बाहेर पडत आहेत! कोविडच्या वेळी व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते आठवलं की वाटतं, गिलरेचे वंशज आपल्याकडेही भरपूर आहेत.

लस हिंदुस्थानात आणणं अवघड होतं, कारण फ्रिज नव्हता. ती जिवंत ठेवायची तर एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत आणावी लागे. अशी ती बगदाद, बसरामार्गे मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरून ती इतर मुलांना आणि तिथून पुढे पुणे, सुरत, हैदराबादकडे गेली. नंतर वासरांच्या कातडीवर लस वाढवायची पद्धत आली. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोत असंच काम चालायचं. शेवटी ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेनं देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. ज्या रोगाला आपण भीतीपोटी देवी म्हणून हात जोडत होतो, त्याला गायीच्या एका फोडानं कायमचं घालवलं.

डुकराचं की गायीचं?

इथे एक प्रसंग सांगतो. तो माझ्या चुकीचा आहे.

साधारण २००० सालची गोष्ट. एक माळकरी गृहस्थ माझ्याकडे यायचे. साखर तीनशेच्या वर, गोळ्या पुरेनात. मी इन्सुलिन सुचवलं. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्ये इंजेक्शन कशापासून बनवतेत?"

मी खरं ते सांगितलं. १९२१ साली कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं आणि पुढची सहा दशकं ते गाय-बैल आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जात होतं. तेव्हा तेच स्वस्तात मिळायचं. मी उत्साहाच्या भरात पुढेही सांगितलं. इन्सुलिन म्हणजे ५१ मण्यांची माळ. आपली आणि डुकराची माळ एका मण्यानं वेगळी, गायीची तीन मण्यांनी. म्हणजे या बाबतीत आपलं सख्खं कोण, तर डुक्कर!

त्यांनी गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावला. "डुकराचं नको. अन् गायीचं तर राम राम!" ते उठून गेले.

तिसरा पर्याय होता. १९८२ पासून जिवाणूंकडून हुबेहूब मानवी इन्सुलिन बनवून घेता येत होतं. ते महाग होतं. त्यांचा मळका सदरा पाहून मी मनातच ठरवून टाकलं की यांना परवडणार नाही, आणि सांगितलंच नाही. पेशंटच्या खिशाचा निर्णय मी घेतला.

पाच महिन्यांनी ते आले ते लंगडत. रात्री झोपेत उंदरानं पायाची दोन बोटं कुरतडली होती. सकाळी अंथरुणावर रक्त दिसलं तेव्हा त्यांना कळलं. मधुमेहानं पायाची संवेदनाच गेली होती. तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण मधुमेहींच्या बाबतीत ग्रामीण भागात हे घडतं, मी नंतरही पाहिलं आहे. एक बोट काढावं लागलं. पाय वाचला.

या वेळी मी तिसरा पर्याय सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये जिवाणू कुठले असतेत?"

"आपल्या आतड्यात राहतात त्याच जातीचे."

"म्हंजी घरचेच की!" ते म्हणाले. "मग द्या. पैशाचं बघतो मी."

ती गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. उपचाराचे सगळे पर्याय किमतीसकट सांगायचे, निवड पेशंटची. तुमचा डॉक्टर सांगत नसेल तर तुम्ही विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. आणि त्या मामाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून थोडी कृतज्ञताही आहे. बोट घेतलं, पण भाच्याला दवाखान्यात पाठवलं.

ज्याला सण नाही असा सोयरा

नागाला नागपंचमी आहे, बैलाला पोळा, गायीला वसुबारस. पण नागाच्या विषातून आपल्याला वाचवणारा प्राणी घोडा आहे, हे किती जणांना माहीत आहे? खंडोबाच्या घोड्याला आपण हात जोडतो, या घोड्यांचं नावही घेत नाही.

१८९०च्या दशकात अल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञानं नागाच्या विषावर पहिला उतारा तयार केला. तत्त्व आजही तेच आहे. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांचं (नाग, मण्यार, घोणस, फुरसं) विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याचं शरीर विषाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मग त्याचं रक्त काढून त्यातला पिवळा द्रव घेतात, तांबड्या पेशी पुन्हा घोड्याच्याच अंगात सोडतात आणि तो द्रव शुद्ध करून बाटल्यांत भरतात. हाफकिनचे असे घोडे पुण्याजवळ पिंपरीला आहेत. घोड्यावर बसून येऊ म्हणालो होतो, ते हे.

आपल्या भागासाठी हा विषय पुस्तकी नाही. मांजरा धरणाच्या पाण्यावर ऊस आहे, रात्री मोटार चालू करायला शेतात जावं लागतं. दसऱ्यानंतर निम्मी गावं ऊसतोडीला जातात आणि कोपीत जमिनीवर झोपतात. मण्यार झोपलेल्या माणसालाच चावते. दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आवाज घोगरा होतो. देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. दवाखान्यात पोचलेल्यांपेक्षा वाटेत कुठेतरी थांबलेली जास्त.

घोड्याशी नातं असलं तरी ते लांबचं आहे, हेही लक्षात ठेवा. आपल्या शरीराला घोड्याची प्रथिनं परकी वाटू शकतात. अंगावर पित्त उठतं, क्वचित रक्तदाब पडतो. म्हणून हे औषध दवाखान्यातच, तयारीनिशी देतात. लग्नात परक्या गावची वरात आली की पोलीसपाटलाला आधी कळवून ठेवतात, तशी आम्ही ॲड्रेनलिन भरून ठेवतो. या भीतीनं औषधच टाळू नका. विषाच्या मानानं घोडा फार सभ्य पाहुणा आहे.

नातं ठेवा, अंतर राखा

आता व्यवहाराचं बोलू.

१. घरात किंवा गल्लीत एकाएकी बरेच उंदीर मरून पडले तर शेपटीला धरून उकिरड्यावर फेकू नका. हात लावू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. त्यानंतर कुणाला ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी दवाखाना.

२. धान्य पत्र्याच्या कोठीत, झाकण घट्ट. मामाला जेवण बंद केलं की तो स्वतःच दुसरी बहीण शोधतो.

३. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरू नका.

४. मधुमेह असेल तर रोज रात्री पायाचे तळवे स्वतः पाहा, दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगा. पाय धुऊन, कोरडे करून, कॉटवर मच्छरदाणीत झोपा.

५. साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात जा. देवाला जायचं असेल तर बरं होऊन पेढे घेऊन जा. देव तेवढा थांबतो, मण्यारीचं विष थांबत नाही.

६. कुत्रा चावला तर वाहत्या पाण्यानं आणि साबणानं १५ मिनिटं जखम धुवा आणि लस घ्या. हळद, चुना, मिरची भरू नका.

७. शेळी-म्हशीचं दूध उकळूनच प्या. वारंवार ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम असेल आणि घरी जनावरं असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

परवा तो मुलगा ड्रेसिंगला आला होता. जखम भरत आली आहे. मी त्याला म्हटलं, "मामा का म्हणतात ते आता सांगू का?"

तो म्हणाला, "मला कळलं. आजी म्हणली, मामा भाच्याचं कायबी घेतो, पण टाकून देत न्हाई."

मग मी माझं उत्तर सांगितलंच नाही. फक्त आजींना विचारलं, "कोठीला झाकण बसवलं का?"

"बसवलं," त्या म्हणाल्या. "अन् पोराला कॉटवर झोपवते आता. मामा खाली, भाचा वर."